शेवटच्या कुणग्याचं पाणी

उजव्या हाताचं मधलं बोट ती चिखलात दुसऱ्या पेरापर्यंत खुपसायची, डोळे बारीक करायची, बोट बाहेर काढून साडीच्या ओच्याला पुसायची आणि मग म्हणायची, "थांब रे वाईच. पाणी काय म्हणता ता बघूया."

बरं, चिखल समोर असलाच पाहिजे अशीही अट नव्हती. एसटी वेळेवर येईल का, बांगडा स्वस्त होईल का, अमक्याच्या मुलीचं लग्न ठरेल का, काहीही विचारलं तरी हेच उत्तर. एकदा तिच्या पडवीत बसून मी माझ्या बढतीची गोष्ट काढली. तिने शेणाने सारवलेल्या जमिनीवर बोट टेकवलं, क्षणभर थांबली आणि म्हणाली, "नाय म्हणता." बढती खरंच झाली नाही. असा एखादा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल, ज्याचं बोट हवामान खात्यापेक्षा बरं चालतं.

गावात तिला पाटावयली, म्हणजे पाटावरची, म्हणत. मी काकी म्हणायचो. मालवणपासून तासाभराच्या अंतरावरचं गाव. दिवाळी झाली की गावकरी मिळून व्हाळाला, म्हणजे ओढ्याला, दगडमातीचा बंधारा घालतात, अडलेलं पाणी पाटाने खाली आणतात आणि त्यावर दुसरं भात घेतात. हीच आमची वायंगणी शेती. भाताची छोटी छोटी खाचरं, म्हणजे कुणगे, उतारावर एकाखाली एक, आणि दोन कुणग्यांमध्ये मातीचा बांध, म्हणजे मेर. कोणाच्या कुणग्यात कधी पाणी सोडायचं, कधी बंद करायचं, हे ठरवायला एक माणूस लागतो. पूर्वी ते काम काकीचा नवरा करायचा. तो गेल्यावर गावात पुरुष शोधले, तर कोण बोटीवर, कोण तारकर्लीच्या हॉटेलात, कोण मुंबईला. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी काकीने खोरं उचललं. लोकांनी विचारलं, तर म्हणाली, "घोव गेलो. पाणी खंय गेला? ता रोज येताच आसा."

या कामाचा मोबदला जुन्या रिवाजाप्रमाणे ठरलेला. पाण्याच्या प्रत्येक पाळीमागे घरटी एक शेर भात, कापणी झाल्यावर तिच्या दारात आणून ओतायचं. काकीच्या नावावर एक गुंठाही जमीन नव्हती. मुलगी लग्न होऊन मुंबईला. पावसाळ्याचे चार महिने काकी जे जेवायची ते याच भाताचं. हे मी आज इतक्या सहज सांगतोय, पण तेव्हा मला त्यातलं काही माहीत नव्हतं. माहीत करून घ्यावं असं सुचलंही नव्हतं.

मी एका संस्थेत नोकरीला होतो. आमचं काम असं, की भातशेतीतून हवेत जाणारा वायू कमी करायचा. मूळचा मी कुडाळचा, घरी मालवणीच बोलतो, पण हातात माईक आला की माझ्यातला शुद्ध मराठी मास्तर जागा होतो. देवळासमोरच्या मांडवात मी सभा घेतली. म्हटलं, "मित्रहो, खाचरात सतत पाणी साचून राहिलं की मातीला हवा मिळत नाही. मग मातीतले सूक्ष्म जीव मिथेन नावाचा वायू तयार करतात. तो वातावरणात जाऊन पृथ्वी तापवतो." पुढच्या रांगेत कोणी जांभई दिली. मागून काकीचा आवाज आला.

"म्हणजे जमीन पादता म्हण."

मांडव कोसळायचाच बाकी राहिला. जी गोष्ट समजावून घ्यायला मला दोन प्रशिक्षणं आणि एक पुण्याची वारी लागली होती, ती काकीने चार शब्दांत संपवली. पुढे मीही प्रत्येक गावात तसंच सांगू लागलो. फक्त अहवालात वेगळं लिहायचो.

उपाय सोपा होता. कुणगा कायम भरलेला ठेवायचा नाही, मधून मधून सुकू द्यायचा. किती सुकला ते कळायला भोकं पाडलेला वीतभर पाइप मातीत रोवायचा. पाइपातलं पाणी तळाला गेलं की नवी पाळी द्यायची. भात तेवढंच पिकतं, पाणी वाचतं, वायू घटतो, आणि त्या घटलेल्या वायूचे पैसे परदेशातली एक कंपनी शेतकऱ्यांच्या खात्यात टाकते. हे ऐकल्यावर जांभया थांबल्या.

काकी उठून पुढे आली. पाइप हातात घेतला, त्यात बोट घालून बघितलं. "म्हणजे माझाच बोट, प्लास्टिकचा," ती म्हणाली. मग विचारलं, "पाळयो किती कमी होतल्यो?"

"बऱ्याच," मी अभिमानाने म्हणालो.

तिने पाइप माझ्या हातात परत दिला. "बरा," म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली. तेव्हापासून ती मला पायपवाल्या म्हणू लागली. सभा संपल्यावर तात्यांनी मला बाजूला घेतलं. तात्या म्हणजे गावचे मानकरी, देवाला गाऱ्हाणं घालण्याचा मान त्यांचा. ते म्हणाले, "पायपवाल्यानू, पाळयो कमी तर तिचा भात कमी. ह्या तुमच्या ध्यानात इला मां?" माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मी म्हटलं, बघू काहीतरी करू. आमच्या संस्थेत हे वाक्य फार वापरात होतं.

पाइप रोवले आणि पहिल्याच आठवड्यात त्यांत कुर्ल्या, म्हणजे खेकडे, राहायला आल्या. वीतभर खोल, थंड, भोकाभोकांतून हवा, कुर्लीला आणखी काय हवं? पाइपातल्या पाण्याचा फोटो काढून वरच्या ऑफिसला पाठवायचा नियम होता. गावात रेंज नाही म्हणून मी सड्यावर, गावावरच्या कातळावर, चढून फोटो पाठवायचो. ऑफिसातून फोन आला, "हे लाल उपकरण कोणतं? आपल्या यादीत नाही." मी कुर्लीचं वर्णन केलं. पलीकडून स्पेलिंग विचारलं. काकीने मात्र रोजचा रोज फेरा मारून पाइप रिकामे केले आणि चार दिवस तिच्याकडे कुर्ल्यांचं सांबारं होतं. एका दिवशी मीही जेवलो. ते प्रकल्पाचं नुकसान मानावं की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

खरी पंचाईत पुढे झाली. कुणगे सुकेनातच. संध्याकाळी मी बघून जावं, तर पाणी पाइपाच्या तळाशी. दुसऱ्या दिवशी दुपारी यावं, तर पुन्हा वर. एकदा झालं, दोनदा झालं. ऑफिसातून ताशेरे यायला लागले. आणि माझ्या डोक्यात एक विचार आला, तो आज सांगतानाही मला लाज वाटते. पाळ्या कमी झाल्या तर कोणाचं नुकसान? पाटाची चावी कोणाच्या हातात? चोर शोधायला लांब कशाला जायचं!

चोर पकडायला मी पहाटेची मोटारसायकल काढली, ती लांब लावली आणि उजाडता उजाडता शेताच्या वरच्या अंगाला काजूच्या झाडामागे दबा धरून बसलो. झाडावर लाल मुंग्यांचं घरटं आहे, हे बसल्यावर कळलं. पण चोर पकडायचा म्हणजे एवढं सोसावंच लागतं.

पहिले आले तात्या. धोतर सावरत मेरेवरून निघाले होते देवळात. सुकत आलेल्या कुणग्यापाशी थांबले. "अरे अरे, तानेलो रे," असं स्वतःशीच म्हणाले, टाचेने मेरेत खाच पाडली, वरचं पाणी खाली लागलं तसे समाधानाने पुढे गेले. मग आली मासेवाली, डोक्यावर पाटी घेऊन. पाटी न उतरवता, मान न वाकवता तिने नुसत्या अंगठ्याने मेर फोडली. तिच्यामागून शाळेतल्या बाई. त्यांनी चप्पल काढून फोडली. मी आ वासून बघत राहिलो. मग आठवलं, माझी आजीसुद्धा असंच करायची. सुकलेल्या कुणग्याला पाणी दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नये, तो कोणाचाही असो, असं आमच्याकडे मानतात. तहानलेल्या माणसाला ओलांडून जाण्याइतकंच ते वाईट. सगळा गाव मिळून माझ्या प्रकल्पावर दया करत होता!

आणि शाळेच्या बाई वळणावर दिसेनाशा झाल्या तशी काकी आली. खांद्यावर खोरं. पहिल्या खाचेपाशी बसली, मूठभर चिखल लावला, टाचेने दाबला. दुसरी खाच बुजवली. तिसरी बुजवली. मग बोट खुपसून बघितलं, ओच्याला पुसलं. जेवढ्या मेरा फुटल्या होत्या त्या सगळ्या तिने ओळीने बंद केल्या, कोणाला काही न बोलता, घरचा केर काढावा तसं. दुपारी पुन्हा कोणीतरी फोडायचं, तेवढ्यांना ती पुरी पडत नव्हती, इतकंच.

मी झाडामागून बाहेर आलो. मुंग्या झटकत असल्यामुळे माझं येणं फारसं भारदस्त झालं नाही.

"काय रे पायपवाल्या, नाचतंस कित्याक?"

"काकी, ह्या तू रोज करतंस?"

"मगे कोण करतलो? तू?"

"माका सांगूक नाय कसा?"

"सांगितलंय असता तर तू परत सभा घेतलं असतंस."

 मी म्हटलं, तात्यांना तरी सांगायचं, मेर फोडू नका म्हणून. ती हसली. "तेंका काय सांगू? ते माया करतत. माया करणाऱ्याक काय बोलाचा? तेंच्या पाठसून जावचा आणि बुजवचा."

"पण काकी, हेच्यात तुझाच भात कमी होता."

तेव्हा तिने मला शेताच्या खालच्या टोकाला नेलं. तिथे शेवटचे तीन कुणगे होते. कित्येक वर्षं ओसाड, त्यात गवत आणि खुंट्याला बांधलेला एक पाडा. पाट तिथपर्यंत होता, पाणी नव्हतं. वरच्यांचं भरता भरताच ते संपून जायचं. काकी मेरेवर बसली आणि सांगू लागली, "माझो घोव पाट बघी, तेव्हा ह्या कुणग्यांच्या घरची लोका दारात येवन विचारीत, 'आमचा पाणी खंय?' तो मान खाली घाली. जेवताना पण तेची मान खालीच. तो मरासर हेंका पाणी पोचाक नाय. आता वयले कुणगे जरा सुकवले तर पोचताला. माझा बोट सांगता."

त्या दिवशी मी तिच्यासमोर मनातला संशय बोलून टाकला. म्हटलं, काकी, मला वाटलं तूच चोरून पाणी सोडतेस. ती रागावली नाही. "तुका तसा वाटाकच व्हया," म्हणाली, "तू शिकलेलो." मला वाटतं, त्याहून कडक शिवी मला आजवर कोणी दिलेली नाही.

त्या हंगामात माघ संपता संपता शेवटच्या कुणग्यात पाणी पोचलं. उशीर झाला होता, भात लावायची वेळ निघून गेलेली, म्हणून मालकाने चवळी टोचली. तरी काकी तिथे अर्धा दिवस बसून राहिली. पाड्याला काय झालं ते कळेना, तो पाण्यात उभा राहून तिच्याकडे बघत होता.

पुढे पैसेही आले. फार नव्हते, पण आले. ज्यांच्या नावावर सातबारा त्यांच्या खात्यात. तात्यांनी नवा चष्मा केला. काकीच्या खात्यात काही येण्याचा प्रश्न नव्हता. तिच्या दारात त्या वर्षी भात आलं ते अर्ध्या पोत्याच्या जरा वर. मी ऑफिसला लिहिलं, पुन्हा लिहिलं. एक साहेब पाहणीला आले तेव्हा तिला त्यांच्यासमोर उभं केलं. ऑफिसचा माणूस बघून काकीही शुद्ध मराठीवर आली. साहेबांनी अर्ज काढून विचारलं, "आपलं क्षेत्र किती?"

"व्हाळापासून शेवटच्या कुणग्यापर्यंत," काकी म्हणाली.

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. त्या रकान्यात फक्त आकडा बसत होता, शिवाय गट नंबर लागत होता. त्यांनी तो रिकामा सोडला, चहा घेतला, कोकण फार सुंदर आहे म्हणाले आणि गेले. वायू कमी झाला हे त्यांच्या यंत्रात दिसत होतं. तो कोणाच्या टाचेने कमी झाला, ते कुठेच दिसत नव्हतं.

पुढच्या दिवाळीनंतर बंधारा घालायला गाव जमला. मीही होतो. नारळ ठेवला, तात्या हात जोडून उभे राहिले आणि नेहमीचं गाऱ्हाणं सुरू झालं. नव्या चष्म्यातून त्यांनी आधी सगळ्यांवर एक नजर फिरवली.

"बा देवा म्हाराजा, आज तुझी लेकरां ह्या व्हाळार बंधारो घालतत, तेंका यश दी रे म्हाराजा."

"होय म्हाराजा!"

"पाटाक खंय कुर्ल्यांनी भोक पाडला आसात तर ता बुजव रे म्हाराजा."

"होय म्हाराजा!"

"आणि पाटावयलीन जी पाळी दिल्यान तेचो एक शेर, आणि जी पाळी राखल्यान तेचोय एक शेर, सगळ्यांच्या हातान तिच्या दारात पोचतो कर रे म्हाराजा."

"होय म्हाराजा!"

सवयीने सगळ्यांनी एका दमात म्हटलं आणि मग लोकांना कळलं आपण काय म्हटलं ते. दोघातिघांची तोंडं उघडीच राहिली. पण देवापुढे एकदा होय म्हाराजा म्हटलं की ते परत घ्यायची सोय आमच्याकडे नाही. मासेवाली आधी हसली, मग सगळे हसायला लागले, आणि दगड पाण्यात पडू लागले.

काकी तात्यांवर उखडली. "कोणी सांगितलान तुमका ह्या?"

"तू माझी मेर रोज बुजवलंस, ता माका दिसा नाय काय गो?"

"दिसा तर मगे रोज फोडलास कित्याक?"

"सवय गो," तात्या म्हणाले.

काकीने बोट ओच्याला पुसलं. ते कोरडंच होतं, तरी ती बराच वेळ पुसत राहिली. त्या वर्षी तिच्या पडवीत पोती मावेनात आणि शेवटच्या तिन्ही कुणग्यांत भात उभं राहिलं. ज्याचे कुणगे त्याने पहिला भारा कापून तिच्या दारात आणला. तिने त्यातली एक लोंबी नवऱ्याच्या फोटोला अडकवली आणि फोटोकडे बघून म्हणाली, "घे. आता मान वर कर."

गेल्या गणपतीनंतर काकी गेली. दोन दिवसांचा ताप, बस्स. प्रकल्प त्याआधीच संपला होता आणि मी दुसऱ्या नोकरीत कणकवलीला लागलो होतो, मला कळायलाही उशीर झाला. बंधाऱ्याच्या दिवशी मात्र सुट्टी टाकून गेलो. तात्यांनी गाऱ्हाणं घातलं. यश मागितलं, कुर्ल्यांची भोकं बुजवायला सांगितलं, आणि ओघात पुढे म्हणून गेले, "पाटावयलीचो शेर तिच्या दारात पोचतो कर रे म्हाराजा." सगळे म्हणाले, "होय म्हाराजा."  तात्यांनी चष्मा काढला. तिच्या जागी कोण, हा प्रश्न त्या दिवशी कोणी काढला नाही आणि मीही विचारलं नाही.

माघात एका सकाळी मालवणला कामाला निघालो होतो, ती वाट वाकडी करून शेतात उतरलो. कोणी नव्हतं. एक कुणगा सुकत आला होता, बारीक भेगा पडायला लागल्या होत्या. खरं सांगतो, माझी टाच आपोआप उचलली गेली. मग खाली बसलो, मधलं बोट दुसऱ्या पेरापर्यंत खुपसलं. आत ओल होती, गार. मेर फोडायची गरज नव्हती. उठून पुढे चालत गेलो तर मेरांवर जागोजागी खाचा बुजवलेल्या दिसल्या. एका ठिकाणी चपलेचा ठसा होता, एका ठिकाणी अनवाणी टाचेचा, एका ठिकाणी जोडव्याचा. एका माणसाचं ते काम नव्हतं.

शेवटच्या कुणग्यात पाणी होतं. मी तिथेही बोट घातलं. पँटला पुसतोय तोवर मागून आवाज आला. मासेवाली पाटी घेऊन मेरेवर उभी होती.

"काय रे पायपवाल्या, काय म्हणता पाणी?"

"शेवटाक पोचलंय म्हणता," मी म्हणालो.

"मगे माका काय सांगतंस?" ती म्हणाली. "तिका सांग जा."

आणि पाटी सावरत निघून गेली.  मला ते काकीला सांगायचंच होतं.